अकरावं प्रकरण

शाहूपुरीतून प्रकाशकांचा फोन :
"बाई, अकराव्यात जरा चटका वाढवा.
वाचक दाराला कडी लावून बसलाय
आणि तुम्ही त्याला देवघर दाखवताय."

पुन्हा लिहिलं. सहा पानं.
हुक, मान, श्वास, परत श्वास.
टायपिंगवाला सर्जेराव पानं परत देताना
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"काकू, 'थरथर' चारदा आलंय. एक काढू?"
चारही काढले.

मग आठवला वडणग्याच्या गुऱ्हाळावरचा
आण्णू गुळव्या.
काहिलीभोवती आम्ही पोरं, तो कुणाला विचारायचा नाही.
उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडायचा,
बोटांत गोळी वळून बघायचा.
"आत्ता उतरली तर काकवी.
दमानं घेतलं तर गूळ.
हाव सुटली की करपला,
मग जनावरंबी तोंड लावत न्हाईत."

रात्री दीडला सहाची दीड पानं झाली.
दिवा मालवला नाही मी,
खिडकीबाहेरचा चंद्रही बोलावला नाही.
दौलतनं फक्त तिच्या पायातली चप्पल काढली
आणि उन्हात रापलेल्या पावलावर
पट्ट्याखाली गोरा राहिलेला तिरपा माग
बोटानं गिरवला,
अंगठ्यापासून वर, सावकाश.

तिनं पाय मागं घेतला नाही.

इथं पेन ठेवलं.
उशाच्या तांब्यात उगाच बोटं बुडवली.

सकाळी प्रकाशक : "छान आहे हो. पण अजून अर्धं पान?"
बघते, म्हटलं.
गोळी अजून वळतेय.