प्रश्न पाचवा, ब

चाळीस पेपरांत चाळीस वेळा
मी महाबळेश्वरला जाऊन आले.
दर वेळी हवा कूल अँड प्लेझंट,
दर वेळी मामाच स्टेशनवर न्यायला,
आणि शेवटी हटकून
आय विल नेव्हर फरगेट धिस डे.
महाबळेश्वरला स्टेशन नाही,
पण त्याचे मार्क कापायची सोय नाही.

बाहेर नागपूरचा एप्रिल.
जरीपटक्याच्या या शाळेत कूलरची खस
दोन वाजताच वाळून कडकडीत.
उईके बादलीनं पाणी मारतात,
कडेच्या गठ्ठ्यावर शिंतोडे उडतात,
आणि महाबळेश्वरात तेवढंच काय ते धुकं.

ही मुलं माझी नव्हेत, पण शिकवलंय आम्हीच.
सुरुवात म्हणीनं करा. मग तीन परिच्छेद.
वाक्यं आखूड ठेवा.
देअरफोर, हाऊएव्हर घाला मधूनमधून,
पण पोह्यांवर तर्री घालतो तितकंच,
पोहे बुडाले नाही पाहिजेत.
काहीच नाही सुचलं तर पाठ केलेलं आठवा.
हे शेवटचं सांगताना
मी फळा पुसायला वळायची.

मीही शाळेत समुद्रावर लिहिलं होतं,
दहापैकी नऊ.
समुद्र पाहिला चौतिसाव्या वर्षी.
खारा वारा नाकात गेला
आणि तो निबंध आठवला, अख्खा,
स्वल्पविरामांसकट.
दुसरं काही सुचेचना.

एक्केचाळिसावा पेपर.
नाव नाही, नुसता बारकोड.
अक्षर उजवीकडे उतरत गेलेलं.
"आय हॅव नॉट सी हिल स्टेशन.
आय सी सेमिनरी हिल्स.
माय मदर स्वीप गार्डन देअर, मॉर्निंग फाइव्ह.
शी से, हिल इज हिल, नी इज पेनिंग सेम.
फ्रॉम टॉप ऑल नागपूर इज सीन.
अवर हाऊस इज नॉट सीन.
बट आय नो व्हेअर इट इज."
संपला.
दीडशे शब्द हवे होते.

लाल पेन टेकवला. सी नव्हे, सीन.
अ राहिला. स्वीपला एस राहिला.
म्हण नाही, परिच्छेद नाही, देअरफोर नाही.
"काय झालं मॅडम, थांबून राहिल्या?"
"काही नाही उईके, घर शोधून राहिले."
ते बादली घेऊन उभे,
कोणाचं घर, हे त्यांनी विचारलं नाही.

मार्कांच्या तक्त्यात चार रकाने.
मांडणी, मजकूर, भाषा, शब्दमर्यादा.
शेवटचं वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं
ते मॉडरेटर ढोमणे सरांना फोनवर विचारलं.
ते म्हणाले, मॅडम, तीनशे पेपर बाकी आहेत तुमचे.

चार लिहिले. खोडले.
सात लिहिले.
खाडाखोड झाली की शेजारी सही लागते.
केली, पूर्ण नावानिशी,
एरवी नुसती आद्याक्षरं टाकते.

मग बेचाळिसावा.
मामा स्टेशनवर उभाच होता.