चिमटे

शनिवारी मार्जरीला गाडीत बसवते, पट्टा लावून देते,
आणि आम्ही उतारावरनं खाली येतो.
हॅलिफॅक्सला धुकं उतरलं
की तिच्या-माझ्यात फार फरक उरत नाही, असं ती म्हणते.
मला बंदरावरची क्रेन दिसत नाही,
तिला गेली सहा वर्षं काहीच.

वदीहच्या दुकानाची पाटी कुणी वाचत नाही.
दार ढकललं की आधी संत्र्याच्या फुलांचं पाणी,
मग कढलेलं तूप, मग भट्टीची ऊब गालावर,
मग वदीह: "आलात? दार लावा आधी, तूप गोठतंय."

काचेमागे बकलावा, शंकरपाळ्यांसारखा तिरपा कापलेला.
कुनाफाची परात, पाक अजून चुरचुरतोय.
मार्जरीला त्यातलं काही नको.
तिला मामूल हवेत, रव्याचे, वर पिठीसाखर भुरभुरलेले.
हातमोजा काढते, बोटांवर फुंकर घालते,
ताटलीतून एकेक उचलते:
घुमट, म्हणजे अक्रोड. लांबट, पिस्ता. चपटा, खजूर.
तीस वर्षं, न चुकता.
डोळे होते तेव्हाही मिटूनच.
ब्रेल शिकायला मात्र तिनं साफ नकार दिला होता.
"सत्तरीत कोण पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसतंय!"

मी एकदा वदीहला सांगितलं,
माझ्या भाषेत मामूल म्हणजे नेहमीचं, चालत आलेलं,
आणि मामुली म्हणजे त्याहूनही स्वस्त.
तो हसला नाही.
"आमच्यात मामूल म्हणजे केलेलं," म्हणाला,
आणि लाकडी साचा ओट्यावर आपटला.
ठक्.

नोव्हेंबरात यंत्र आलं.
रीमाच्या मनगटाला तेव्हा पट्टा होता,
दिवसाला सहाशे वेळा ठक्,
डॉक्टर म्हणाला, एक तर साचा ठेव नाहीतर हात.
यंत्र फक्त गोल पाडतं.

मार्जरीची बोटं ताटलीत हिंडली,
परक्या घरात रात्री दिव्याचं बटण शोधावं तशी.
वदीह गल्ल्यावर मोजलेलीच नाणी पुन्हा मोजत राहिला.
"सगळे सारखेच गोड असतील," ती म्हणाली
आणि डझनभर घेतले, न निवडता.
गाडीत एक खाल्ला. हवा होता अक्रोड, निघाला खजूर.
खिडकीकडे तोंड करून
सावकाश संपवला.

मला वाटलं, आता म्हातारा साचे बाहेर काढणार.
गोष्टीत काढतात.
इथे यंत्राचे हप्ते होते,
आणि वदीहचा खांदा आता साचाच काय, केटलीही उचलत नाही.

पुढच्या शनिवारी रीमा एक पितळी चिमटा घेऊन बसलेली,
डिमानहून कधीकाळी आलेला, दातेरी,
भुवया कोरायचा वाटावा एवढासा.
कच्च्या गोळ्यांना चिमटे काढत होती:
अक्रोडाला एक, पिस्त्याला दोन,
खजुराला काहीच नाही.
"पहिला घाणा फसला," आमच्याकडे न बघता म्हणाली,
"भट्टीत सगळे चिमटे मिटून गेले.
मग तूप कमी केलं."
"तूप कमी केलं!" आतून वदीह. "माझ्या दुकानात!"

मार्जरीनं हातमोजा काढला.
एक. अक्रोड.
दोन.
तर्जनी थांबली, मागे आली, पुन्हा गेली.
ओठ हलत होते, पहिलीतल्या मुलीचे हलतात तसे.
पिस्ता.
मग हाती असा एक आला
की त्यावरचा तो चिमटा की नुसती भेग,
रीमालाही सांगता येईना.
वदीह तर चष्माच शोधायला लागला,
तो त्याच्या कपाळावर होता.

"राहू द्या," मार्जरी म्हणाली.
कागदी रुमालात गुंडाळून
तिनं तो कोटाच्या खिशात ठेवला.
"हा घरी जाऊन वाचते."