चेष्टा

फाईल हातात आली तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची.
लष्करच्या ठाण्यातला कोवळा शिपाई म्हणाला,
"आंटी, दीमक लगी है, संभाल के."

हेरंब, तेरा. शिरीष, चौदा.
मेळ्याच्या सायकल-स्टँडवर कुलूप लावलेली अ‍ॅटलस,
टोकन एकशे सत्तावन्न.
किल्ली मिळाली नाही.

मग आईचा जबाब.
ती मराठीतच बोलली होती,
मी नऊ वर्षांची, तिच्या पदराचं टोक चघळत:
"पळून जाऊ म्हणत नुसती चेष्टा करायची हो दोघं."
मुन्शीने नेमका तोच शब्द उचलला.
'भागने की चेष्टा करते थे.'

हिंदीत तो प्रयत्न होतो.

त्या ओळीखाली लाल रेघ.
पुढे विहिरी उपसल्याची नोंद नाही,
मुरारच्या नाल्यात कुणी उतरलं नाही,
मुंबईला तेवढी एक तार.

खाली आईची सही. ठळक, न थरथरता.
मुन्शीने वाचून दाखवलं होतं, आठवतंय मला.
एवढ्या परक्या मजकुरात
एकच शब्द आपल्या घरातला ऐकू आला,
आणि आम्ही दोघींनी
मान हलवली.

झेरॉक्सचे अठ्ठावीस रुपये झाले.
शिपायाने सुटे मागितले.