वीस गाठींचा वारा

उमाकांता, तुझा निरोप ऐकला.
तीनदा ऐकला,
पहिल्या दोन खेपांना नुसता वाराच बोलू राह्यला होता.
तिसऱ्यांदा तू सापडलास त्यात:
"काका, वायव्येचा शमाल, वीस नॉट, झोत तीसपर्यंत.
लाट अडीच मीटर. हवेत वाळू.
टग धक्क्याला बांधलाय, कुणीच बाहेर पडत नाही."

नॉट म्हंजे काय, ते लोहकरे मास्तरला विचारलं.
म्हणला, गाठ.
जुने खलाशी गाठी मारलेला दोर सोडायचे पाण्यात,
मुठीतून किती सरकल्या ते मोजायचे.
हे मला पटलं बघ.
मीबी जन्मभर तेच केलंय,
फक्त माझ्या गाठी पळत नाहीत.

आता इकडची खबर घे.
नाथसागर, पैठणच्या अंगाला, पहाटे पाच.
पाणी पंधराशे सोळा फूट,
भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय,
दवानं सोळाचा आकडा फुगलाय.
वारा ईशान्येचा, पडका.
तराफ्याच्या काठीला तुझ्या काकीच्या लुगड्याचा काठ बांधलाय,
तो हलावं का नको, इचार करतोय.
धुकं असं की वल्ह्याची मूठ दिसते,
पातं दिसत नाही.
लाट नाही.

लाट दुपारी येईल.
तुमच्या दर्याची लाट लांबून येते,
म्हणतोस, तिला चढ असतो, उतार असतो,
माणूस दोन्हींच्या मधी श्वास घेतो.
आमची आखूड.
एकीची पाठ संपायच्या आधी दुसरी छातीवर.
थर्माकोलचा तराफा, वरून युरियाची गोणी शिवलेली,
तो काय चढणार अन् काय उतरणार.
तो नुसता थरथरतो,
जशी म्हातारी शेळी.

तुझा बाप गेला त्या दिवशी
लाट किती मीटर होती, कुणी मोजली नाही.
मी सांगतो. गुडघ्याएवढी होती.
पंचनाम्यात लिहिलं, "वातावरण सामान्य."
तलाठ्यानं वाचून दाखवलं,
मी अंगठा दिला.
ती चार अक्षरं अजून या बोटाला लागलेली आहेत, शाईसारखी.

म्हणून मी रोज सांगतो.
कुणी विचारत नाही, तरी सांगतो.
कहारवाड्यातली पोरं हसतात,
रायभानबुवाचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं म्हणतात.
हसू दे. पण जाळं उचलायच्या आधी
गुपचूप माझ्या काठीकडं बघून जातात.

अजून एक. कुरव आलेत.
पांढरे, डोळ्यामागं काळा ठिपका, तुझ्याकडचेच असतील.
काल एक तराफ्यावर येऊन बसला, माझ्याशेजारी,
जसं एसटीत कुणी सरकून घेतं.
मी म्हणलं, कसं होतं रे तिकडं?
त्यानं मान फिरवली अन् एक चिलापी गिळली.
म्हंजे ठीक असावं.

काकीनं तिळाची वडी डब्यात ठेवलीय.
मुंग्या लागू नयेत म्हणून डबा ताटातल्या पाण्यात.
ती विचारते, पोराची गाठ कधी पडायची?
मी तिला म्हणलं, तिकडं वीस गाठी नुसता वारा आहे,
त्यातली एक आपल्या वाट्याची असंलच.
तिला काही हसू आलं नाही.

दोर तपासून घे.
धक्क्याला घासतो तिथं जुनं टायर घाल,
चिंधी नको, चिंधी झिजते.
शमाल उतरला की सांग.
नाही उतरला तरी सांग.

ऊन आलं.
काठाची चिंधी आत्ताशी हलली,
पश्चिमेकडं तोंड करून.
मी निघतो, दुपारच्या आत परत यायचं आहे.