घसारा

वैजयंती अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकली
आणि मी, छत्तीस वर्षं सहकारी बँकेचा कॅशियर,
डाव्या सीटवर बसून वही लिहू लागलो.
तारीख. किलोमीटर. युनिट. शिल्लक टक्के.
पेट्रोलच्या गाडीत मला असा रस कधी नव्हता,
तिथे नुसतं नावे पडायचं.
हिच्यात जमेची बाजू आहे.

पहिल्या आठवड्यात शंभर टक्के भरून निघालो,
तर गेटबाहेरच्या सिग्नलला गाडी आवरेना,
सरळ ब्रेक दाबावा लागला.
भरल्या पोटी घेणार कुठे?
तेव्हापासून ऐंशीवर पान उचलायचं.

मंगळवारी आम्ही चेंबूरहून वाळकेश्वरला जातो,
तिच्या थोरल्या बहिणीकडे.
फ्रीवेवर ती पाय सोडते मोकळा
आणि आकडा फुगतो: किलोमीटरमागे एकशे साठ.
क्रॉफर्ड मार्केटला सगळं तुंबतं,
हातगाड्या, टेम्पो, फुटपाथवरून उतरलेली माणसं,
आणि आकडा खाली येतो, एकशे वीस, एकशे दहा.
मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
मोकळ्यात जास्त खाते, गर्दीत कमी.
असा खातेदार काउंटरवर कधी आला नव्हता.

वाळकेश्वरचा चढ साडेतीनशे वॅट-तास घेतो.
परतताना त्याच रस्त्यावर
ती फक्त पाय उचलते, ब्रेकला शिवत नाही.
मागून कुणी पदर धरावा तशी गाडी जड होते,
पडद्यावर हिरवी पट्टी,
चौपाटी दिसेपर्यंत सव्वाशे परत.
बाकीचे कुठे गेले, मी विचारलं.
"चाकांनी खाल्ले, हवेनं खाल्ले, तापून गेले.
सगळंच्या सगळं कोण परत देतं?"
त्या रकान्याला नाव सुचायला दोन मंगळवार लागले.
घसारा.

लाल दिवा दिसला की ती दोनशे पावलं आधीच पाय काढते.
मागे हॉर्नचा कल्लोळ.
अमर महालला एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला,
"काकू, डोळा लागला का?"
तिनं काच वर घेतली.

तिचं भांडणही असंच.
ऐन रंगात येतं आणि पाय उचलते,
एक शब्द नाही, गाडी आपोआप थांबते,
मला वाटतं मिटलं.
मग कधीतरी, गॅस सिलिंडर आणा म्हणताना,
ब्याण्णव सालचा कुकर निघतो,
माझ्या आईचं वाक्य निघतं, स्वरासकट,
चढ चढायला पुरेल इतकं.
वहीच्या शेवटच्या पानावर
मी हेही मांडून ठेवत होतो. सवय.

मे महिन्यात, भर दुपारी, सायनच्या चार्जरवर
बॅटरी तापली आणि मशीननं हात आखडता घेतला.
चाळीस मिनिटांचं काम, दीड तास झाला.
गाडीखालचा पंखा घोंघावत होता,
वैजूनं वही ओढून घेतली वारा घ्यायला,
आणि वारा घेता घेता ते पान उघडलं.

तिनं सावकाश वाचलं.
"कुकर ब्याण्णवचा नाही. एक्क्याण्णवचा."
मग पेन मागितलं,
माझ्या रकान्याखाली दोन ओळी लिहिल्या,
वही मिटून दारातल्या कप्प्यात खोचली
आणि म्हणाली, "बसा. अठ्ठ्याहत्तर झाले. पुरे."

मी ते पान अजून उघडलेलं नाही.

रात्री पार्किंगमध्ये उतरलो
तरी पंखा चालूच, स्वतःशी पुटपुटल्यासारखा.
सेक्रेटरी मस्करेन्हस वरून ओरडला, काही चालू राहिलंय का म्हणून.
पूर्वी आमच्या बॉनेटवर निजणारं पिवळं मांजर
एकदा चढलं, पंजे टेकून बघितलं,
काहीच ऊब नाही,
तसं उतरून खाली गेलं, चाकांच्या मधे,
जिथे दिवसभराचं तापलेलं अजून निवत होतं.