शिट्टी

घोडी मुतावी म्हणून मी शिट्टी वाजवते.
ह्याचा पगार मिळतो, ताशी एकवीस डॉलर,
रात्रीच्या शर्यतींचे थोडे वर.
आत्या म्हणायची, पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये,
घरात साप येतो.
चार्ल्स टाउनच्या ह्या तबेल्यात साप नाही.
लांब दांड्याला बांधलेला प्लास्टिकचा पेला आहे,
ताजा पेंढा, भिंतीवर घड्याळ,
आणि आत्ताच जिंकून आलेली, घामानं काळी पडलेली
लेट फॉर सपर नावाची पाच वर्षांची घोडी,
जिला आत्ता काहीही करायचं नाहीये.

जानेवारी. बाहेर उणे नऊ.
मी वाजवते, हळू, लांबट, एकाच सुरात.
परभणीच्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं,
तिथं आम्ही बैलाच्या खुरातला खिळा काढायला शिकलो.
सिप्रियानो लगाम धरून उभा,
दुसऱ्या हातानं कंबर दाबत.
"तुमची शिट्टी माझ्यावरच जास्त चालते, डॉक्टरीणबाई."
इथं मी डॉक्टर नाही. परीक्षा द्यायची राहिलीय.
पण त्याचं म्हणणं मी कधी दुरुस्त करत नाही.

मग एकदाची धार.
दोन बाटल्या, अ आणि ब.
लाल पट्टी, त्यावर आकडा. नाव कुठंच नाही.
मानेतल्या चिपचा नंबर जुळवला.
साक्षीदार म्हणून सिप्रियानोनं सही केली,
शाळकरी पोरासारखी, अक्षर न अक्षर सुटं.

अठरा दिवसांनी कागद आला.
ट्रॅमाडॉल. माणसांचं दुखणं मारायचं औषध.
विहिरीत मिठाचा खडा टाकावा, एवढंसं.
मग ब फोडली. तीही तेच बोलली.

इथंच घोडं पेंड खातं, म्हणतात आपल्याकडं.
इथं घोडीनं पेंढा खाल्ला.
सिप्रियानो म्हणाला
(दुभाष्या फोनवर होता, आवाज तुटत होता),
गेल्या साली एका शिंगरानं भिंतीला दाबलं, तेव्हापासून मणका.
गोळ्या भावाच्या.
पहाटे चारला संडास दोनशे पावलं लांब, बर्फातून,
मी तिच्या ठाणातच कोपऱ्यात उभा राहतो.
ती मला काही म्हणत नाही.

कुणी हसलं नाही. एक जण खोकला.
खरं असेल. असं होतं, मी वाचलंय.
खोटंही असेल. हॉलिससाहेबानं टाय घातला होता,
आणि आपल्या मोतद्दाराकडं तो एकदाही बघत नव्हता.
यंत्राला औषध कळतं, मात्रा कळते.
कंबर कुणाची, ते नाही.

मला विचारलं, सील शाबूत होतं?
होतं.
नमुना तुमच्या नजरेआड झाला?
नाही.
बस्स, या तुम्ही.
त्या रात्री त्याचा हात कंबरेवर होता
हे कुणी विचारलं नाही,
आणि न विचारता बोलायला मी
खुर्चीवरून उठायला हवं होतं त्यापेक्षा
थोडी आधीच उठले होते.

बक्षीस दुसऱ्या नंबरच्या घोड्याला गेलं.
हॉलिसला दंड, पंधरा दिवसांची बंदी.
ते त्यानं फ्लोरिडात काढले, परतला तो उन्हानं लाल होऊन.
सिप्रियानो कुठं गेला, कुणी सांगत नाही.
त्याच्या जागी आलेला पोरगा फोनमध्ये डोकं घालून असतो.

आज पुन्हा तीच घोडी.
जिंकली नाही, चौथी आली, पण चिठ्ठी तिची निघाली.
चाळीस मिनिटं झाली. माझे ओठ सुकले.
ती मान वळवून कोपऱ्याकडं बघते,
मग दाराकडं,
मग परत कोपऱ्याकडं.
मी ओठ ओले करते.