सुटे पैसे

ग्लदानीतल्या आमच्या नऊ मजली इमारतीत
लिफ्टला पैसे लागायचे.
आत पत्र्याचा डबा, त्याला फट.
वीस तेत्रीचं नाणं टाकलं
की ती म्हातारीसारखी खाकरून निघायची.
नाणं नसेल तर जिना आहेच,
पाय दिलेत देवाने.

एतेरी गेली त्या हिवाळ्यात
मी कुठेच जात नव्हतो.
मुलगा पोलंडात ट्रक चालवतो.
रविवारी फोनच्या काचेत दिसायचा,
म्हणायचा, "बाबा, जेवलात?"
मी म्हणायचो, "हो."
मग दोघंही गप्प. त्याला वाटायचं, नेट गेलं.

दुःख म्हणतात तसं ते नव्हतं.
दुःखात माणूस रडतो, भांडतो, निदान त्याची भूक तरी मरते.
माझी भूक शाबूत होती.
फक्त पाव कापायला सुरी उचलावी
तर हात आधी विचारायचा, कशाला?
सदऱ्याचं बटण लावावं, कशाला?
दाढीला तर मी उत्तर देणंच सोडलं होतं.
चोवीस वर्षं ट्रॉलीबस चालवली मी तिबिलिसीत.
वरची दांडी तारेवरून निसटली
की बस जागेवर उभी राहायची, दिवे विझायचे,
आणि उतारूंना वाटायचं, ड्रायव्हर झोपला.
तसं काहीतरी.

एका मंगळवारी दार वाजलं.
सातव्या मजल्यावरची लामझिरा,
गळ्यात शिंप्याची टेप, ओठांत दोन टाचण्या.
टाचण्या न काढताच म्हणाली,
"बद्री, वीस तेत्री आहेत का? लिफ्टसाठी."

मी पाचव्यावर राहतो.
लिफ्टचे पैसे मागायला
दोन मजले जिना उतरून आलेली बाई!
हिशेब खटकायला हवा होता.
खटकला होता.
शिवाय तिच्या एप्रनच्या खिशात
नाणी वाजत होती, चांगली मूठभर,
बैलाच्या गळ्यातली घंटी वाजावी तशी.
मी आत गेलो,
एतेरीने धुऊन ठेवलेल्या आलुबुखारच्या बरणीतून
एक नाणं काढून दिलं.

बुधवारी परत.
गुरुवारी परत, म्हणाली, "दाढी वाढलीय, पाद्री दिसतोस,
कन्फेशनला बसू का?"
बरणीतली नाणी कमी होऊ लागली,
म्हणून शनिवारी मी खाली दुकानात गेलो,
सुटे करून आणायला.
दुकानदार नुग्झार म्हणाला, "अरे, तू आहेस होय?"
मी विचार करून म्हणालो, "आहे."

एकदा ती आलीच नाही.
साडेदहा, अकरा, सव्वाअकरा.
मी चपलांवर सातव्यावर चढलो, धापा टाकत.
दात काढून आली होती. गाल सुजलेला.
मी तिच्यावर ओरडलो,
सांगून जायला काय होतं म्हणून.
तिने सुजल्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला,
ते फार विचित्र दिसलं.

नंतर एका सकाळी उलटंच झालं. तिने नाणं परत केलं,
कागदात गुंडाळून.
कागदावर दवाखान्याचा नंबर, डॉक्टर केतेवानचं नाव,
आणि खाली: "माझ्या भावाच्या वेळी मी उशीर केला."
त्या भावाबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.
मी गेलो दवाखान्यात.
गोळ्या घेतो. रात्रीची आता अर्धी.
काही दिवस हात अजूनही विचारतो, कशाला?
मी म्हणतो, थांब रे, दार वाजेल.

या वसंतात लिफ्ट बदलली.
आरसा आहे, खाकरत नाही,
नाणी घेत नाही, प्रत्येक घराला एक कार्ड दिलंय.
त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणजे खरंच नाही.
बरणी भरलेली होती.

सकाळी दहाला दार वाजलं.
लामझिराच्या गळ्यात टेप,
टेपेशेजारी निळ्या दोरीला ते नवं कार्ड लोंबत होतं.
मी कार्डाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे.
"बद्री," ती म्हणाली,
"वीस तेत्री आहेत का?"

"बघतो," म्हटलं,
"आत ये, बरणी कुठे ठेवली आठवत नाहीये."